मदत शिकताना हवी : आयटीआयच्या पोरांसाठी कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
मंत्रालय, मुंबई

प्रत : मा. वित्तमंत्री, मा. संचालक, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, मुंबई

विषय : आयटीआयमधल्या प्रशिक्षणार्थींना प्रशिक्षण चालू असताना मिळणारे अर्थसाहाय्य

महोदय,

मी फिटर ट्रेडचा (आयटीआयमधल्या अभ्यासक्रमाला ट्रेड म्हणतात) निवृत्त शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारा, आहे. सगळी नोकरी मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या आयटीआयमध्ये झाली. निवृत्त माणसं पत्रं लिहितात आणि ती आवक क्रमांक घेऊन कुठल्यातरी फायलीत पडून राहतात, हे सरकारी नोकरीत राहिल्यामुळे मला चांगलंच ठाऊक आहे. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. मागणी एकच आहे. आयटीआयच्या प्रशिक्षणार्थीला जो पैसा द्यायचा तो प्रशिक्षण चालू असताना द्या, दर महिन्याला द्या, आणि त्यात त्याचं जाणं-येणं आणि दुपारचं जेवण भागेल एवढा तरी द्या.

आधी झालेल्या गोष्टीचं श्रेय देतो. 2023 मध्ये सरकारने आयटीआयचं विद्यावेतन महिना 500 रुपये केलं. त्याआधी जवळपास चाळीस वर्षं ते महिना 40 रुपये होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तर त्या चाळीस रुपयांत हॅक्सॉची (लोखंड कापायच्या करवतीची) दोन पाती आली असती, आणि तीही बऱ्यापैकी कंपनीची नव्हे. पोरं त्याबद्दल विचारतसुद्धा नसत. आपल्याला असं काही मिळतं हेच कित्येकांना माहीत नव्हतं. त्यामुळे बारा पटींहून जास्त वाढ झाली ही बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये आनंदच झाला. पण गोठलेला आकडा चाळीस वर्षांनी हलवला की वाढ मोठीच दिसते. पाचशे रुपयांत आज काय होतं ते पाहू.

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ झाली आणि साध्या गाडीचा एक टप्पा दहा रुपयांच्या वर गेला. तालुक्यापासून तीस किलोमीटरवरच्या गावातून येणाऱ्या पोराचं जाऊन-येऊन भाडं शंभराच्या घरात जातं. विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत आहे. राहिलेला तिसरा हिस्सा त्याने भरायचा, आणि तो महिन्याला सहाशेच्या पुढे जातो. म्हणजे विद्यावेतनाचे पाचशे खिशात टाकूनही पोरगा आयटीआयच्या फाटकात उभा राहतो तेव्हा शंभर-दीडशे रुपये तोट्यात असतो. अजून त्याने काही खाल्लेलं नाही, वही घेतलेली नाही. आणि हा हिशेब गाडी वेळेवर येते असं धरून केलेला आहे. ती आली नाही की काळीपिवळी, आणि काळीपिवळीला सवलत नसते.

दिवसावर आणून पाहिलं तर पाचशे म्हणजे रोजचे वीस रुपयेही भरत नाहीत. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होता. आमच्याकडे येणारं पोर सोळा-सतरा वर्षांचं असतं, अंगात बळ असतं, आणि शेजारच्या शिवारात काम असतं. ही दोन आकड्यांची तुलना त्याला कुणी शिकवावी लागत नाही.

मंत्रालयात बसून आयटीआय म्हणजे 'स्वस्त शिक्षण' असं वाटतं. फीच्या बाजूने पाहिलं तर ते खरं आहे. शासकीय आयटीआयची फी थोडी आहे, सवलती आहेत, फीसाठी पोर घरी बसलं असं माझ्या पाहण्यात फारसं नाही. (खासगी आयटीआयचं गणित वेगळं आहे. तिथे फीच भारी पडते आणि प्रतिपूर्तीची वाट पाहावी लागते.) पण सरकारच्या बहुतेक योजना फीभोवती फिरतात. शुल्कमाफी, शुल्क प्रतिपूर्ती, मुलींना मोफत शिक्षण. 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी झाली, इंजिनीअरिंग-फार्मसीच्या मुलींना तिचा मोठा आधार झाला असेल. शासकीय आयटीआयमधल्या मुलीचा खर्च मात्र फीत नसतोच. तो एसटीत असतो, डब्यात असतो, सेफ्टी शूजमध्ये असतो, आणि सकाळी ती घरातून निघून गेल्यावर घरचं काम कुणी करायचं यात असतो. जिथे फीच किरकोळ आहे तिथे फी माफ केल्याने घरातली ओढाताण थांबत नाही.

आणखी एक फरक कॉलेजशी तुलना करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कॉलेजचा पोरगा सकाळी तास करून दुपारी कुठेतरी कामाला जाऊ शकतो. आयटीआय पूर्णवेळ असते. सकाळी हजेरी, मग वर्कशॉप, थिअरी, ड्रॉइंग, पुन्हा वर्कशॉप. परीक्षेला बसायचं तर 80 टक्के हजेरी लागते, आणि ती लागायलाच हवी. फायलिंग पुस्तकातून येत नाही. व्हाइसला (शिकंजाला) जॉब, म्हणजे घासायचा लोखंडी तुकडा, लावून तासन् तास उभं राहून कानशीने घासायचं, ट्राय-स्क्वेअर (काटकोन) लावून उजेड बघायचा, पुन्हा घासायचं. पहिले दोन महिने पोरांच्या तळहाताला फोड येतात. हे काम उपाशीपोटी होत नाही. दुपारनंतर मशीनवर उभ्या पोराला चक्कर आली की मी पहिला प्रश्न 'सकाळी काय खाल्लंस?' हाच विचारायचो, आणि उत्तर बहुतेक वेळा 'चहा' असायचं. शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो. त्यापुढे सरकार समजतं की पोराची भूक घरचे बघतील. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, उभ्या असलेल्या उपाशी पोराचा धोका फक्त त्याच्या पोटाला नसतो, बोटांनाही असतो. कौशल्य विभागाने या प्रश्नाकडे निदान सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून तरी बघावं.

आता गळतीबद्दल बोलतो, कारण मला सर्वांत जास्त याबद्दलच म्हणायचं आहे.

सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. सप्टेंबरपर्यंत तुकडी भरलेली असते, पोरं उत्साहात असतात. दसरा येतो, कापूस फुटतो. वेचणीला गेलं की दिवसाला चारशे-पाचशे रुपये रोख हातात पडतात. पोरगा येतो आणि सांगतो, "सर, चार दिवस येणार नाई, वेचणीला जायचंय." चारचे दहा होतात. त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-बापाने मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, घर कुलूप लावून कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात जायचं असतं. मागे राहिलेलं पोर आजीजवळ राहतं, नाहीतर कोयता घेऊन बरोबर जातं. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्कशॉप उघडतं तेव्हा वीसच्या तुकडीत काही व्हाइस रिकामे दिसतात. ही पोरं नापास होऊन गेलेली नसतात. शिकण्यात मन नाही म्हणूनही गेलेली नसतात. त्यातली काही माझ्या वर्गातली सर्वांत चांगल्या हाताची पोरं होती.

ही रिकामी जागा सरकारला फुकट पडत नाही, हे वित्त विभागाने लक्षात घ्यावं. प्रवेशफेऱ्या संपलेल्या असतात, मधेच नवा प्रवेश होत नाही. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. दिवाळीला सुटलेली जागा पुढची पावणेदोन वर्षं रिकामी राहते. निदेशकाचा पगार तोच, विजेचं बिल तेच, यंत्र तेच. ज्या पोराला महिन्याला हजार-दीड हजार रुपये न दिल्याने ते गेलं, त्याच्यासाठी उभारलेल्या जागेवर सरकार दोन वर्षं खर्च करत राहतं. कोणत्याही कारखानदाराला हा हिशेब दाखवा, तो कपाळाला हात लावेल.

महोदय, सरकारकडे पैसा नाही असं मी म्हणणार नाही, कारण सरकार पैसा देतं. पण तो पोरगा आयटीआयच्या फाटकातून बाहेर पडल्यावर देतं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने केली. केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत 2024 मध्ये महिना 5,000 रुपये आणि एकदाच 6,000 ठरले. शिकाऊ उमेदवारी कायदा तर 1961 चा आहे. त्यातल्या किमान विद्यावेतनात, म्हणजे 5,000 ते 9,000 च्या पट्ट्यात, वाढ करून तो 6,800 ते 12,300 करावा अशी शिफारस 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने केली. या योजनांना माझा विरोध नाही. पण क्रम पाहा. शिकताना महिना पाचशे, आणि शिकून झाल्यावर महिना आठ हजार. आठ हजारांपर्यंत पोहोचायला आधी दोन वर्षं पाचशेत काढावी लागतात, आणि ती ज्याला काढता येत नाहीत तोच सर्वांत गरीब असतो. ही सगळी मदत त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाही, कारण तो दिवाळीलाच गेलेला असतो.

शिवाय वयाची मेख आहेच. दहावीनंतर पंधराव्या-सोळाव्या वर्षी वेल्डर किंवा डिझेल मेकॅनिकला प्रवेश घेतलेला पोरगा एका वर्षात, म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी पास होऊन बाहेर पडतो. युवा कार्य प्रशिक्षणाला वयाची अट 18. प्रधानमंत्री इंटर्नशिपला 2024 मध्ये ठरवलेली अट 21 ते 24. म्हणजे ज्याने सर्वांत लवकर हातात काम घेतलं त्याने एक ते पाच वर्षं वाट बघायची. उरते ती शिकाऊ उमेदवारी, पण कमी वयाच्या पोराला घ्यायला कारखाने कचरतात. या योजना कुणी आखल्या असतील त्यांनी पदवीधर डोळ्यांसमोर ठेवून आखल्या आणि आयटीआयचं नाव मागून जोडलं, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही हीच उतरंड आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची जी योजना आहे, तिच्यात अभ्यासक्रमांचे चार गट पाडले आहेत. पहिल्या गटातल्या, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्याला वर्षाला शैक्षणिक भत्ता घरून येत असेल तर 7,000 आणि वसतिगृहात राहत असेल तर 13,500 रुपये. चौथ्या गटात अकरावी-बारावी आणि आयटीआय. तिथे 2,500 आणि 4,000. वर्षाला अडीच हजार म्हणजे महिन्याला दोनशे आठ रुपये. वेल्डिंग शिकणाऱ्या पोराला हेल्मेट, हातमोजे, चामड्याचे बूट लागतात. अकरावी कलाशाखेच्या विद्यार्थ्याला वह्या लागतात. दोघांचा खर्च सारखा आहे असं कुठल्या पाहणीत आढळलं, ते वाचायला मला आवडेल. योजना केंद्राची आहे हे मान्य, पण त्यात राज्याचा 40 टक्के वाटा आहे, आणि वाटा देणाऱ्याला बोलायचाही हक्क असतो.

स्वाधार योजना राज्याची आहे आणि चांगली योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींना राहण्या-खाण्यासाठी रोख मदत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60,000, जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000, तालुक्याला 38,000. हिच्यामुळे तालुक्याच्या गावात खोली घेऊन शिकलेली पोरं मी पाहिली आहेत. पण मूळ नियमात अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा नसावा, अशी अट घातली गेली. वेल्डर, प्लंबर, सुतार, कोपा (संगणक चालवणं), शिवणकाम हे सगळे एक वर्षाचे ट्रेड तिथेच बाद. जास्त लवकर कमावतं होणाऱ्या पोराला मदत नको, हा नियम कशासाठी? शिवाय दहावीच्या गुणांची अट. आयटीआयकडे वळणाऱ्या कितीतरी पोरांची दहावी पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर असते. त्यांना गणित लिहिता येत नाही पण व्हर्निअर (बारीक मोजमापाचं साधन) पहिल्या आठवड्यात वाचता येतो. त्यांच्या गुणपत्रिकेकडे बघून त्यांना भाकरी द्यायची की नाही हे ठरवणं मला पटत नाही. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण हे विभाग तुमच्या अखत्यारीत नाहीत. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत सगळे एकाच टेबलाशी बसतात ना?

आता पैसा पोचतो कसा याविषयी. महाडीबीटी हे शिष्यवृत्तीच्या अर्जाचं सरकारी पोर्टल आल्यापासून मधले हात गेले, हे खरं. पण त्याजागी दुसरे हात आले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्र, जातीच्या दाखल्यासाठी पुन्हा सेतू, अर्ज भरायला सायबर कॅफेवाला. पोराच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर बापाचा असतो, बाप उसाच्या फडात असतो, ओटीपी तिकडे जातो. खातं दहावीच्या आधी शिष्यवृत्तीसाठी काढलेलं असतं, व्यवहार नाही म्हणून बँकेने गोठवलेलं असतं. अर्जात कागद धूसर दिसतो म्हणून तो परत येतो, आणि परत आल्याचं कुणी सांगत नाही. मंजूर झाला तरी काही योजनांत विद्यार्थ्याने पुन्हा पोर्टलवर जाऊन रिडीमचं बटण दाबायचं असतं. ते बटण दाबलं नाही म्हणून अडकलेली रक्कम घेऊन हसावं की रडावं न कळलेली पोरं माझ्याकडे आलेली आहेत. आमच्या कार्यालयातल्या क्लार्कने यासाठी रात्री घरी बसून काम केलेलं मी पाहिलं आहे, म्हणून त्याला दोष देणार नाही.

या सगळ्यातून पैसा खात्यावर येतो तेव्हा बहुतेक वेळा सत्र संपत आलेलं असतं. एक वर्षाच्या ट्रेडच्या पोराचं तर प्रशिक्षण संपून गेलेलं असतं. मग तो पैसा घरच्या कर्जात जातो किंवा मोबाइलमध्ये जातो, आणि आपण म्हणतो की पोरं शिष्यवृत्तीचे पैसे उडवतात. दसऱ्याला लागणारे पैसे पुढच्या जूनमध्ये मिळाले तर त्याचं दुसरं काय होणार?

दर महिन्याला लाखो खात्यांवर पैसे टाकणं अवघड असतं, असं उत्तर मला एकदा एका बैठकीत मिळालं होतं. तेव्हा ते कदाचित बरोबर असेलही. पण जुलै 2024 पासून हेच सरकार लाडकी बहीण योजनेतून कोट्यवधी बहिणींच्या खात्यावर महिन्याला 1,500 रुपये टाकतं आहे. त्यामुळे जमत नाही हे कारण आता संपलं. उलट मला त्या योजनेचे आभार मानायचे आहेत. आज कितीतरी पोरांचा एसटीचा पास आईच्या लाडक्या बहिणीच्या पैशातून निघतो. घरातल्या बाईच्या नावाने आलेला पैसा पोराच्या शिक्षणाला लागतो, हे कुठल्याही गावात विचारा. पण आईच्या वाट्याचा पैसा पोराच्या पासाला का लागावा?

हिशेब मी करून ठेवला आहे. राज्यात शासकीय आणि खासगी मिळून आयटीआयच्या प्रवेशाच्या जागा दरवर्षी साधारण दीड लाख. रिकाम्या जागा वजा करून आणि दुसऱ्या वर्षाची पोरं मिळवून ढोबळमानाने दोन लाख प्रशिक्षणार्थी धरू. प्रत्येकाला महिना 1,500 रुपये दिले तर महिन्याला 30 कोटी, वर्षाला 360 कोटी. लाडकी बहीण योजनेसाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटींची तरतूद होती. तिचा बरोबर शंभरावा भाग. दुसरीकडे केंद्राने एक हजार आयटीआयच्या सुधारणेसाठी पीएम-सेतू ही 60,000 कोटींची योजना आखली आहे, त्यात राज्यांचा वाटा 20,000 कोटी. नवी सीएनसी (संगणकावर चालणारी) यंत्रं येतील, इमारती होतील. येऊ द्या, माझी सगळी नोकरी जुनाट लेथवर गेली, नवी यंत्रं आल्याचा आनंद माझ्याइतका कुणाला होणार नाही. पण सीएनसीसमोर उभं राहणारं पोर वेचणीला गेलं असेल तर ते यंत्र पाहुण्यांना दाखवायला उरेल. मधल्या काळात कौशल्य विद्यापीठाला रतन टाटांचं नाव दिलं, काही आयटीआयना थोर माणसांची नावं दिली. चांगलं केलं. आता जरा रोजच्या हजेरीपटावरच्या नावांकडे बघू.

तर नेमकं काय करायचं? विद्यावेतन 500 वरून निदान 1,500 करा. वसतिगृह नाही आणि घर पंचवीस किलोमीटरच्या पुढे आहे अशा पोरांना त्याहून जास्त द्या. ते हजेरीला बांधा, माझी काही हरकत नाही. उलट महिन्याची 80 टक्के हजेरी भरली की पुढच्या पाच तारखेला पैसे, असं केलंत तर हजेरीसाठी आम्हाला घसा कोरडा करावा लागणार नाही. हजेरी संस्थेत ऑनलाइन नोंदवली जातेच, तिथून थेट कोषागाराला यादी जाऊ शकते. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा दाखला मागू नका. प्रवेशाच्या वेळी पोर सगळे कागद देतंच, तेच कागद वर्षात तीनदा मागण्याचं कारण मला सरकारी नोकरीत राहूनही कधी समजलं नाही. प्रवेशाच्याच दिवशी संस्थेत बँकेचा माणूस बसवा आणि आधार जोडून खातं चालू आहे की नाही ते तिथल्या तिथे बघा. आणि हा आकडा दर दोन वर्षांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढेल, अशी तरतूद शासन निर्णयातच करा. नाहीतर 2060 साली कुणी दुसरा निवृत्त निदेशक 1,500 रुपयांवर असंच पत्र लिहील.

जेवणाचं त्याहून सोपं आहे. राज्यात 2020 पासून शिवभोजन योजना आहे, दहा रुपयांत थाळी. सरकार ग्रामीण भागात एका थाळीमागे 25 रुपये अनुदान देतं, शहरात 40. ही केंद्रं बस स्टँडवर, बाजार समितीत, दवाखान्याजवळ आहेत. आयटीआयच्या आवारात एक केंद्र द्या. महिला बचत गटाला चालवायला द्या. दुपारी दीडशे-दोनशे पोरं रोज ठरल्या वेळी जेवणार आहेत, असं हमखास गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या केंद्राला मिळतं? नवीन योजना काढायची नाही, नवीन नाव द्यायचं नाही, म्हणून कदाचित हे कुणाला सुचलं नसेल.

कर्जाबद्दल एक ओळ लिहून विषय सोडतो. कौशल्य कर्जाची मर्यादा 2024 मध्ये दीड लाखावरून साडेसात लाख केली. महागडे खासगी कोर्स करणाऱ्यांना तिचा उपयोग असेल. ज्या घरावर मुकादमाची उचल आहे, त्या घरातल्या सोळा वर्षांच्या पोराला पाससाठी कर्ज काढ म्हणून सांगायला मी तयार नाही.

कुणी म्हणेल, पैसे मिळाले म्हणून पोरं थांबतील कशावरून? सगळी थांबणार नाहीत. काहींच्या घरी आजारपण असतं, काहींना फॅक्टरीत मधेच काम मिळतं, काहींना लोखंडाचा कंटाळा येतो. वेचणीचे पाचशे आणि विद्यावेतनाचे दिवसाला साठ यांत अजूनही मोठं अंतर राहील, हेही मी जाणतो. पण बापाशी बोलताना निदेशकाच्या हातात काहीतरी हवं. मी कित्येक बापांशी बोललो आहे, घरी जाऊन, फडावर फोन करून. बाप शिक्षणाच्या विरोधात नसतो. तो विचारतो, "सर, तुम्ही म्हंता ते बरोबर हाय, पण तोवर खर्च कुणी भागवायचा?" आज मी त्याला सांगू शकतो की तुमच्या पोराला महिन्याला पाचशे मिळतात, कधीतरी. तो हसतो. उद्या मला किंवा माझ्या जागी आलेल्या तरुण निदेशकाला सांगता आलं पाहिजे की पास आणि जेवण तुमच्यावर नाही, दर पाच तारखेला खात्यावर पैसे येतात. एवढ्यावर पोराला घरचं ओझं न करता दोन वर्षं ठेवायला पुष्कळ बाप तयार होतील, असं माझं मत आहे आणि ते अनुभवाचं आहे.

नवं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होईल. शासन निर्णय त्याआधी निघाला तर पहिले पैसे सप्टेंबरच्या पाच तारखेला जाऊ शकतात. ते दसऱ्याच्या आत पोरांच्या खात्यावर जाणं महत्त्वाचं आहे. दसऱ्यानंतर निघालेल्या निर्णयाचा त्या वर्षीच्या तुकडीला फारसा उपयोग होत नाही. वर लिहिलेल्या हिशेबात काही कमी-जास्त असेल तर संचालनालयाने आपले आकडे जाहीर करावेत. प्रत्येक आयटीआयमध्ये ऑगस्टला किती पोरं होती आणि जानेवारीला किती उरली, हे ट्रेडनिहाय प्रसिद्ध करावं. ते आकडे हजेरीपटावर आहेतच, गोळा करायला वेगळी समिती लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)
मराठवाडा